डाव्या हाताचं पातेलं

पेन्सिली बनवणाऱ्या त्या कारखान्याच्या भटारखान्यात जो मुख्य आचारी होता, त्याला सगळे ‘थांबा’ म्हणत. तोंडावर नव्हे, पाठीमागे. पण पाठ त्याची मूळचीच दाराएवढी रुंद, आणि दिवसभर तो चुलीकडे तोंड करून उभा. त्यामुळे त्याच्याशी जे काही बोललं जाई ते पाठीमागूनच बोललं जाई.

नाव पडायला कारणही तसंच होतं. एकतीस वर्षांत त्याच्या तोंडून दुसरा शब्द निघाला असेल-नसेल. भुकेला कामगार ताट घेऊन आला, ‘थांबा’. साहेबांचा शिपाई किटली घेऊन आला, ‘थांबा’. एकदा तर भिंतीतल्या पंख्याच्या वायरीनं पेट घेतला. लोक वाळूच्या बादल्या घेऊन धावत आले, तर हा कढईवरची मान न वळवता म्हणाला, “थांबा, कांदा पडलाय.” पंखा जळून कोळसा झाला. कांद्याला मात्र रंग चढू दिला नाही, हे तो पुढे वीस वर्षं सांगत होता. ऐकणारा पंख्याबद्दल हळहळला, की त्या माणसाची याच्या वहीत कायमची नोंद व्हायची: हा माणूस कामातून गेलेला.

ती वही कागदाची नव्हती, डोक्यातली होती, आणि तिच्यात कारखान्यातली एकूण एक माणसं होती. लेखनिकाचं नाव होतं, कारण तो एकदा म्हणाला होता, “रस्सा पांढराफटक दिसतो हो, चिमूटभर हळद घाला ना!” त्यानंतर आठवडाभर लेखनिकाच्या ताटात नुसता उकडलेला बटाटा आणि शेजारी वाटीभर हळद येत होती. लाकूड खात्यातला एक म्हातारा होता. अंगावर कायम लाकडाचा भुसा, म्हणून त्याचं नावच भुसा. तो रश्श्यात पाव बुडवायच्या आधी मीठ शिंपडायचा. न चाखता मीठ! थांबा त्याच्याकडे बघायचा तो देवघरात चप्पल घालून आलेल्याकडे बघावं तसा. स्वतः थांबानं जन्मात कधी स्वतःचा रस्सा चाखला नव्हता ही गोष्ट वेगळी. पडलो तरी नाक वर, अशी काही माणसं असतात. हा तर अजून पडलाही नव्हता.

आता हा रस्सा म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही.

दर गुरुवारी भटारखान्यात नारळाच्या दुधातला भाज्यांचा रस्सा व्हायचा. बटाटा, गाजर, फरसबी, मटार. उभ्या चिरलेल्या मिरच्या, आल्याचे काप, कढीपत्ता. लवंग, दालचिनी, मिरी. तिखट नाही, हळद नाही. दिसायला एवढा साधा, की कुणालाही वाटावं हे मी डोळे मिटून करीन. हा रस्सा थांबा तरुणपणी शिकला होता दक्षिणेकडून आलेल्या एका म्हाताऱ्या आचाऱ्याच्या हाताखाली. सगळी गोम त्यातल्या दुधात. खवलेला नारळ कोमट पाण्यात चुरून पहिल्यांदा पिळला की येतं ते पहिलं दूध, घट्ट, सायीसारखं. तोच चोथा पुन्हा पिळला की दुसरं, आणि पुन्हा पिळला की तिसरं, ते जवळजवळ तांदूळ धुतलेलं पाणीच. तिसऱ्या दुधात भाज्या शिजवायच्या. त्या शिजत आल्या की दुसरं घालायचं. आणि पहिलं दूध घालायचं शेवटी, चूल बंद करून. कारण पहिलं दूध उकळलं की फाटतं. तेल वर येतं, खाली रवाळ गोळे राहतात, आणि मग ते रस्सा म्हणून कुणाला वाढायची सोय राहत नाही.

तर थांबाकडे या तीन दुधांची एकसारखी तीन पातेली होती. तिन्ही एकाच मापाची, तिन्हींवर झाकण, तिन्ही कडेच्या कंगोऱ्यापर्यंत भरलेली. ओट्यावर ती मांडायची रीत ठरलेली. चुलीसमोर उभं राहिलं की डाव्या हाताला तिसरं, मध्ये दुसरं, उजव्या हाताला पहिलं. डावीकडून उजवीकडे हात फिरत गेला की रस्सा झाला. झाकण तिरपं करायचं, ओतायचं, आत बघायचंसुद्धा नाही. कुणीतरी एकदा म्हणालं, “पातेल्यांवर चिठ्ठ्या लावा ना, पेन्सिलींच्या कारखान्यात आहात!” तर थांबा म्हणाला, “आईला ओळखायला तिच्या कपाळावर ‘आई’ लिहिता का?”

आणि चाखायचं तर नावच नको. “चाखून करतो तो स्वयंपाकी नव्हे, तो गिऱ्हाईक,” असं त्याचं ठरलेलं वाक्य. तो उकळी ऐकायचा. तिसऱ्या दुधाची उकळी म्हणे खळखळ वाजते, दुसऱ्याची जरा दबकी, आणि पहिलं दूध चुकून उकळलं तर बदबद असा आवाज येतो, चिखलातून म्हैस चालल्यासारखा. गुरूनं शिकवलं होतं. तरुणपणी यानं एकदा रश्श्यात बोट घातलं, तर म्हाताऱ्यानं पळीचा दांडा बोटांवर हाणला होता. “जीभ खाणाऱ्याची, कान आपले!” ते वाक्य थांबानं आयुष्यभर जपून ठेवलं.

त्याची बायको त्या म्हाताऱ्याच्या शेजारच्याच घरात वाढलेली. नवऱ्यानं गुरूचं नाव काढलं की ती भांडी घासता घासता हसायची. पण काय ते सांगायची नाही. म्हणायची, “आहे तसं राहू द्या. तुमचं चाललंय ना बरं.”

भटारखान्यात थांबाच्या हाताखाली त्याची सून होती. नऊ वर्षांपूर्वी त्याच्या चिरंजीवांचं सायकल दुरुस्तीचं दुकान बसलं आणि चिरंजीवही घरी बसले. दुकान पुन्हा उभं राहिलं नाही आणि चिरंजीवही उठले नाहीत. तेव्हा सुनेला यानं कामाला आणली आणि खवणीवर बसवली. गुरुवारी पन्नास नारळ खवायचे, चुरायचे, पिळायचे. नऊ वर्षं तिनं ते केलं, वर भाज्या चिरल्या, भात केला, ताटं मोजली. तो तिला ‘सूनबाई’ म्हणायचा, पण असा, की ऐकणाऱ्याला वाटावं काहीतरी सांडलंय.

सूनबाईचा गुन्हा एकच. ती चाखायची. ॲप्रनच्या खिशात तिच्या लेकीला औषध पाजायचा बारकासा चमचा असायचा. पाठ वळली की तो पातेल्यात जायचा आणि जिभेवर जायचा. थांबाला चमच्याचा आवाज ऐकू यायचा. कानच होते ना त्याला.

“झालं का औषध घेऊन?” तो विचारायचा.

“मीठ बघत होते, मामंजी.”

“मीठ बघायचं नसतं. मीठ माहीत असायला लागतं.”

तीन वर्षांपूर्वी नारळ जुने आले होते आणि रश्श्यावर तेलाचे डोळे दिसायला लागले होते. तेव्हा सूनबाई हळूच म्हणाली होती, “मामंजी, शिजलेले चार बटाटे त्या रश्श्यात वाटून पुन्हा घातले तर तेल मिळून येईल. माझी आई असंच सावरायची.” थांबानं पळी खाली ठेवली. पळी तो सहसा खाली ठेवत नसे. म्हणाला, “सूनबाई, आपण आचारी आहोत. भिंतीला गिलावा करणारे गवंडी नव्हे.” ते गवंड्याचं वाक्य पुढे पॉलिश खात्यापर्यंत पोचलं, आणि बरेच दिवस लोक सूनबाईला विचारत होते, “काय मिस्त्रीबाई, आज किती थापी?”

दिवस जात होते. थांबाची निवृत्ती आली.

भटारखाना ज्या साहेबांच्या ताब्यात होता, त्यांना कामगार ‘परिपत्रक’ म्हणत. या माणसाला शिंक आली तरी तो आधी कागद काढायचा. नळ गळतोय, परिपत्रक. नळ दुरुस्त झाला, परिपत्रक. स्वतः त्यांनी आयुष्यात चहासुद्धा केला नव्हता, पण स्वयंपाकघराची शिस्त, भांड्यांची मांडणी, पळी धरायची पद्धत, सगळ्यावर त्यांचं मत होतं. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ असतात. यांना तर उंटही कारखान्यानंच दिलेला. तर या साहेबांनी भिंतीवर कागद लावला: येत्या गुरुवारी दुपारी तीन वाजता मुख्य आचाऱ्यांचा निरोपसमारंभ होईल. त्या वेळी ते आपल्या जागेसाठी एक नाव सुचवतील. नाव न आल्यास भटारखाना बंद करून जेवणाचे डबे बाहेरून मागवले जातील.

म्हणजे सूनबाईचं काम राहणार की जाणार, हे थांबाच्या जिभेवर होतं. सासऱ्याचा पगार थांबणार, नवरा घरी बसलेला, लेक शाळेत. हिचंही काम गेलं तर घर कशावर चालणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

बुधवारी रात्री जेवताना बायकोनं विचारलं, “मग सुनेचं नाव देणार ना उद्या?”

“कुणाचंच देणार नाही.”

“का हो?”

“ती चाखते.”

“अहो, चाखते म्हणजे चोरी करते का? तुमच्यानंतर त्या चुलीचं काय करायचं?”

“थंड झाली तर होऊ दे. डबे खाऊ देत. तेवढीच लायकी आहे त्यांची.”

सून समोर बसलेली होती. तिनं ताटातला भात संपवला, ताट उचललं, आणि मोरीकडे जाता जाता म्हणाली, “उद्याचे नारळ बघून आलेय मामंजी. चांगले आहेत. पाणी वाजतंय.” चिरंजीव म्हणाले, “बाबा, अजून थोडा भात आहे का?” त्यांच्याबद्दल इतकंच पुरे.

गुरुवार उजाडला. सूनबाईनं पन्नास नारळ खवले, तिन्ही दुधं काढली, पातेली नेहमीच्या जागी मांडली. थांबानं कांदा टाकला, कांदा पारदर्शक झाला, भाज्या पडल्या. आता डाव्या हाताचं पातेलं उचलायचं, एवढ्यात परिपत्रक साहेब आत आले. बरोबर एक फोटोवाला. गळ्यात कॅमेरा आणि तोंडात सुपारी.

“कारखान्याच्या मासिकासाठी शेवटचा फोटो,” साहेब म्हणाले. “काम करतानाचा, नैसर्गिक.”

फोटोवाल्यानं एक डोळा मिटला. “काका, तोंडावर अंधार येतोय. जरा ओट्याच्या पलीकडे या. खिडकीकडे तोंड करून.”

“थांबा,” थांबा म्हणाला.

“एकच मिनिट हो! मध्ये चूल, तुम्ही पलीकडे, आम्ही अलीकडे. मस्त येईल.”

चूल ओट्याच्या मधोमध होती, दोन्हीकडून हात पोचेल अशी. एकतीस वर्षांत त्या पलीकडच्या बाजूला थांबा उभा राहिला असेल तो फक्त झाडू मारायला. पण साहेबांनी खांद्यावर हात ठेवला, आणि माणूस सगळ्यांना कितीही तुच्छ लेखो, मासिकात फोटो म्हटला की त्याच्या मिशा आपोआप नीट होतात. थांबा पलीकडे गेला. चुलीसमोर उभा राहिला, पातेल्यांसमोर उभा राहिला.

“आता काहीतरी ओता. आणि ओतताना इकडे बघा.”

थांबाचा हात डावीकडे गेला. तिथे पातेलं होतं. त्यानं झाकण तिरपं केलं, हनुवटी वर केली, कॅमेऱ्याकडे जगातल्या सगळ्या घाईखोरांकडे बघावं तसं बघितलं, आणि भाज्यांवर दूध ओतलं.

ज्यांना भूमिती येते त्यांच्या लक्षात आलंच असेल. माणूस ओट्याच्या पलीकडे गेला की त्याचं डावं उजवीकडे होतं. त्याच्या डाव्या हाताला आता पहिलं दूध होतं.

फोटो झाले. साहेब दहा मिनिटं बोलले: चुलीचं तोंड कुठल्या दिशेला असावं, पळी कशी धरावी. फोटोवाल्याला भेंडीची ॲलर्जी होती, ते त्यानं सविस्तर सांगितलं. भाज्या शिजत होत्या आणि आवाज येत होता. खळखळ नव्हे. बदबद. थांबानं ऐकला. कान अगदी स्पष्ट सांगत होते. पण एकतीस वर्षांची सवय कानाला म्हणाली, गप रे, मी कधी चुकलोय का? आणि कान गप्प झाले. त्यानं मधलं पातेलं ओतलं. मधलं दोन्हीकडून मधलंच असतं.

साहेब आणि फोटोवाला गेल्यावर सूनबाई भाताकडून आली. रश्श्यावरून एक नजर फिरवली. चमचा निघाला, बुडाला, तोंडात गेला.

“मामंजी.”

“झालं का औषध?”

“पहिलं दूध आधी गेलंय.”

थांबानं तिच्याकडे बघितलं सुद्धा नाही. “सूनबाई, तू नारळ खवायचे. दूध कुठलं कधी जातं ते मला—”

“तेल सुटलंय. जिभेला रवा लागतोय. ते उरलेलं पातेलं ओतू नका, ते तिसरं आहे. चाखून बघा हवं तर.” तिनं चमचा पुढे धरला.

“तो चमचा माझ्यापुढे धरू नकोस.”

“मग डोळ्यांनी तरी बघा!”

नऊ वर्षांत सुनेनं आवाज चढवला तो पहिल्यांदा. थांबानं खाली बघितलं. रश्श्यावर पिवळट तेलाचे डोळे तरंगत होते, एकेक बटणाएवढा, आणि सगळे त्याच्याकडेच बघत होते. त्यांच्याखाली दूध फाटून दाणेदार झालं होतं. थांबानं हातातलं पातेलं बघितलं, मग ओटा बघितला, खिडकी बघितली, स्वतःचे दोन्ही हात बघितले. अतिशहाण्याचा बैल रिकामा, ही म्हण त्यानं दुसऱ्यांसाठी इतकी वापरली होती, की आपल्या गोठ्याकडे बघायचं राहूनच गेलं होतं.

साडेअकरा वाजून गेले होते. साडेबाराला भोंगा. अडीचशे माणसं, आणि साहेबांच्या टेबलावर मुख्य कचेरीतले दोन पाहुणे.

“फेकून दे,” तो म्हणाला. “नुसता भात वाढू.”

“थांबा,” सूनबाई म्हणाली.

तिनं चूल बंद केली. झाऱ्यानं भाज्या उपसून परातीत काढल्या, त्यातले बटाटे वेगळे केले. चटणीचं मोठं ग्राइंडर लावलं. फाटलेला रस्सा आणि शिजलेले बटाटे त्यात थोडे थोडे घालत वाटायला लागली. पहिला घाणा कोरडा झाला, यंत्र घरघरून बसलं.

“बसलं तुमचं यंत्र,” थांबा म्हणाला. आवाजात जरा समाधान होतं. स्वभाव मेल्याशिवाय जात नाही.

“यंत्र नाही बसलं, पाणी कमी पडलं. ते तिसरं दूध द्या इकडे.”

त्यानं दिलं. एकतीस वर्षांत कुणी त्याला ‘द्या इकडे’ म्हटलं नव्हतं. तिनं त्या पातळ दुधानं घाणा सैल केला, पुन्हा लावला. बाहेर पडला तो पांढरा, दाट, एकजीव. तेलाचा एक डोळा नाही. तिनं भाज्या पुन्हा पातेल्यात घातल्या, तो त्यांच्यावर ओतला, बंद चुलीवरच पातेलं फडक्यानं धरून गोल हलवलं, वरून कढीपत्ता चुरडला, नारळाचं तेल सोडलं, झाकण ठेवलं. मग चमचा. मग चिमूटभर मीठ. मग पुन्हा चमचा.

“आता भोंगा होऊ दे,” ती म्हणाली, आणि घाम पुसायला पदराऐवजी थांबाचं फडकं घेतलं.

भोंगा झाला. अडीचशे ताटं गेली. थांबा जाळीच्या खिडकीमागे उभा राहून बघत होता. आता कुणीतरी ओरडेल. आता कुणीतरी ताट सरकवेल. आता तरी या नमुन्यांना कळेल.

कुणाला काही कळलं नाही. लेखनिकानं दोनदा वाढून घेतला. मुख्य कचेरीतल्या पाहुण्यानं बोटं चाटली. परिपत्रक साहेब पाहुण्यांना म्हणाले, “एकतीस वर्षं एकच चव! एका तिळाचा फरक नाही!” थांबाला वाटलं, या माणसाला रश्श्याऐवजी पेन्सिलीला द्यायचा डिंक वाढला असता तरी यानं हेच म्हटलं असतं. गाढवाला गुळाची चव काय, असं तो नेहमी म्हणायचा. पण आज पहिल्यांदा त्याच्या लक्षात आलं, की त्या गाढवांपुढे गूळ ठेवतोय म्हणून आपण एकतीस वर्षं ऐटीत चाललो होतो.

फक्त भुसा ताट धुवायला आला तेव्हा म्हणाला, “आज मीठ शिंपडावं नाही लागलं. आणि घट्ट होता जरा. रोज असाच का नाही करत हो?”

थांबानं त्याच्या हातातलं ताट हिसकावून घेतलं.

दोन वाजता भटारखाना रिकामा झाला. सूनबाई मागे चोथा टाकायला गेली होती. पातेल्याच्या बुडाशी दोन पळ्या रस्सा उरला होता. ओट्यावर तो औषधाचा चमचा पडला होता. थांबानं एकदा दाराकडे बघितलं, चोरानं बघावं तसं. मग चमचा बुडवला आणि तोंडात घातला.

चांगला होता.

त्यानं पुन्हा घेतला. मीठ बेतानं. आलं मागून येत होतं, दालचिनी नुसती चाहूल देऊन जात होती, आणि बटाटा कुठेही बटाटा म्हणून लागत नव्हता. वाईट असता तर त्याला बरं वाटलं असतं. चांगलं निघालं म्हणून इतका संताप आलेला माणूस त्या कारखान्यानं बघितला नसेल. आणि बघितला नाहीच, कारण तो एकटाच होता. आपला रस्सा कसा लागतो हे त्याला आयुष्यात माहीत नव्हतं. आता ते कधीच कळणार नव्हतं. कळला तो हिचा.

तीन वाजता जेवणाच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या गेल्या. परिपत्रक साहेबांनी चार पानांचं भाषण वाचलं. पान तीन आधी आणि पान दोन नंतर वाचलं, तरी कुणाला फरक जाणवला नाही. मग त्यांनी भेट दिली: एकशे चव्वेचाळीस पेन्सिलींचा खोका. ज्या माणसानं एकतीस वर्षांत पातेल्यावर एक अक्षर लिहिलं नाही त्याला! थांबानं खोका काखेत मारला.

“आता आपल्या जागेसाठी नाव,” साहेब म्हणाले. “आणि दोन शब्द.”

थांबा उभा राहिला. “एकतीस वर्षं तुम्हाला खायला घातलं,” तो म्हणाला. “मला वाटायचं, तुमच्यात निदान दोघा-चौघांना जीभ असेल. आज खात्री पटली. नाही.”

लोक हसले. टाळ्याही पडल्या. त्यांना वाटलं, काका गमतीत आहेत.

“हसू नका. दुपारचा रस्सा मी नासवला. पहिलं दूध उकळलं मी. फोटो काढताना.”

साहेब घाईनं उठले. “म्हणजे हे... हे आपण विनयानं बोलताय—”

“विनय आमच्या घरात कुणालाच नाही, साहेब. नासवला मी. सावरला हिनं, बटाटा वाटून. तुम्ही तो चाटूनपुसून खाल्लात आणि ‘तिळाचा फरक नाही’ म्हणालात.” त्यानं मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या सुनेकडे बोट केलं. “हिचं नाव लिहा. हिला हात नाही, नऊ वर्षं बघतोय मी. पण जीभ आहे. अडीचशे माणसांत एकीला.”

“हातही आहे, मामंजी,” सूनबाई भिंतीपासून म्हणाली.

या वेळी लोक खरे हसले. भुसा ओरडला, “मी ओळखलं होतं हां! घट्ट म्हणालो होतो!”

“कागद चिकटवायची खळही घट्ट असते,” थांबा म्हणाला आणि खाली बसला.

साहेबांनी कागद काढला आणि नाव लिहून घेतलं. लिहायचं काही असलं की ते कुठलाही अपमान विसरत.

घरी बायकोला कळलं तेव्हा तिनं कुकर खाली उतरवला आणि म्हणाली, “आता सांगते. तुमचा तो गुरू चाखायचा नाही, कारण त्याला चव कळतच नव्हती. तपकीर ओढून ओढून नाक गेलं होतं, जीभ गेली होती. आमच्या घरी येऊन आईला विचारायचा, मीठ बघ गं जरा. रोज!”

थांबानं काखेतला खोका खाली ठेवला. मग म्हणाला, “आणि तू हे तीस वर्षं पोटात ठेवलंस?”

“तुम्ही कधी विचारलंत का? तुम्ही ऐकता फक्त उकळी.”

पुढच्या गुरुवारी सकाळी सूनबाई कामावर निघाली. दारात चपला घालता घालता वळली. “मामंजी, तुमच्या खोक्यातली एक पेन्सिल द्या. आणि तीन कागद.”

“कशाला?”

“पातेल्यांवर चिठ्ठ्या लावणार आहे.”

कपाळावर ‘आई’ लिहिण्याबद्दलचं ते वाक्य थांबाच्या ओठांपर्यंत आलं. बायको आतून बघत होती. त्यानं खोका उघडला, एक पेन्सिल काढली, स्वयंपाकघरातली कांदा चिरायची सुरी आणली आणि दारातच बसून टोक काढायला लागला. सूनबाईला उशीर होत होता. ती उभी राहिली. टोक त्याच्या मनासारखं होईपर्यंत त्यानं पेन्सिल काही दिली नाही. दिली तेव्हा निम्मी उरली होती.

“मोठ्या अक्षरात लिही,” तो म्हणाला. “आणि ओट्याच्या दोन्ही बाजूंनी दिसेल अशी लाव. पलीकडूनही.”